हात लावू नये

"पुढूनच प्रॉब्लेम आहे," हे वाक्य माणिक जोगदंडने त्या आठवड्यात किती वेळा उच्चारले असेल याला गणती नव्हती. घाटकोपर पूर्वेला, पंतनगरातल्या बत्तीस इमारतींत वायरी ओढणे, उंदरांनी कुरतडलेल्या बदलणे आणि मंदावलेल्या लाइनींचे दुखणे शोधणे हा त्याचा बावीस वर्षांचा व्यवसाय. त्यातली पहिली वर्षे टीव्हीच्या केबलची, नंतरची इंटरनेटची. पण गच्च्या त्याच होत्या आणि जिनेही तेच. एवढ्या वर्षांत त्याला एक गोष्ट उमजली होती. आपले नेट का मंदावले हे माणसांना जाणून घ्यायचे नसते. दोष आपल्या घरात नाही, एवढेच ऐकायचे असते. 'पुढून' या शब्दात ती सोय होती. पुढे म्हणजे कुठे, हे कोणी विचारत नसे.

सोमवारपासून मात्र हा शब्द त्याला स्वतःलाच पोकळ वाटू लागला होता. शहरभर एका व्हायरसची चर्चा होती. कचेऱ्यांतल्या संगणकांपासून सुरू झालेला तो प्रकार आता घराघरांतल्या राउटरांत, दुकानांतल्या कॅमेऱ्यांत शिरत होता. शिरला की तो काही मोडत नसे, चोरतही नसे. ते यंत्र गुपचूप जगभर हजारो निरर्थक निरोप धाडत सुटे, आणि त्या गर्दीत घरमालकाचा साधा 'आलो' एवढा निरोपसुद्धा रांगेत अडकून पडे. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की नेट पूर्ववत धावे आणि थोड्या वेळाने पुन्हा गुदमरे. हा थोडा वेळही रोज आटत चालला होता. सोमवारी आठ मिनिटे मिळत होती, बुधवारी तीन. माणिकला हे खटकत होते. दोष खरोखर पुढचा असता, तर इथला राउटर बंद-चालू करून ती आठ मिनिटे तरी का मिळावीत?

पण तक्रारींचा मारा असा होता की थांबून विचार करायला उसंत नव्हती. आणि मग गुरुवारी सकाळी साडेनवाला त्याचा फोन वाजला.

"माणिकदादा, मी अपूर्वा. अकरा नंबरमधल्या धुऱ्यांची."

"बोल गं. मावशींचं नेट ना? मी येतच होतो तिकडे—"

"आई गेली."

माणिक गच्चीच्या कठड्याला टेकला.

"पहाटे पाचला. रात्री छातीत दुखतंय म्हणाली, डॉक्टर येऊन गेले, बरं वाटत होतं, आणि..." तिने आवाज सावरला. "दादा, अनिला तिला बघायचंय. तो जहाजावर आहे. साडेबाराला गाडी येणार आहे. आणि नेट चालत नाहीये रे."

"आलोच," माणिक म्हणाला. 'पुढून' हा शब्द त्याच्या जिभेवर आला नाही.

रत्नप्रभा धुरी मूळच्या कुडाळकडच्या. यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते; गिरणी मिटली तेव्हा पवईच्या एका कचेरीत पहारेकरी झाले आणि तिथूनच निवृत्त होऊन काही वर्षांत वारले. मुलगी अपूर्वा मुलुंडला दिलेली. मुलगा अनिरुद्ध तेलवाहू जहाजावर फिटर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. तळमजल्यावरच्या तीन नंबरच्या खोलीत त्या एकट्याच राहत. माणिक वायरीच्या कामाला इमारतीत आला आणि त्यांच्या दारावरून पुढे गेला, असे कधी घडले नव्हते.

"इलस काय रे माणका? च्या घेतल्याशिवाय जावचा नाय हां," अशी हाक आतून येई. पहिल्या दिवशी तो दारातच उभा राहिला होता. त्याच्या आडनावावरून त्याला कुठे बसवायचे हे ठरवणारी घरे त्याने पुष्कळ पाहिली होती. मावशींनी तेव्हा खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून कॉटवर टाकले आणि म्हटले, "उभ्यान च्या पितत ते पोस्टमन. तू बस."

गेल्या वर्षी सुट्टीवर आलेल्या अनिरुद्धने आईसाठी मुठीएवढा कॅमेरा आणला आणि शोकेसवर, आईच्या खुर्चीसमोर ठेवला. रोज संध्याकाळी साडेसहाला मावशी चहाचा कप घेऊन त्यापुढे बसत. जहाज जगाच्या ज्या भागात असेल तिथे त्या वेळी जे काही वाजले असेल ते वाजले असेल. अनिरुद्ध फोनवर ते चित्र उघडी. बोलणे होत नसे. त्या चहा पीत, तो बघत असे. कप रिकामा झाला की त्या कॅमेऱ्याकडे पाहून मान हलवीत आणि उठत.

अडचण एकच होती. जहाजावरचे उपग्रहाचे नेट तुटले की कॅमेरा पुन्हा ओळख मागे. ओळख पटवायचा कोड येई तो अनिरुद्धच्या भारतातल्या नंबरवर, आणि त्या नंबराला भर समुद्रात रेंज कुठली? आठ-आठ दिवस चित्र दिसत नसे. शेवटी अनिरुद्धने माणिकला फोन केला, मावशींनीही गळ घातली. "तेका दिसूक होया रे. कोडबिड काय ता काढून टाक." माणिकने काढून टाकले. राउटरमध्ये कॅमेऱ्यापुरती एक वाट बाहेरच्या जगाकडे थेट उघडून दिली आणि पासवर्ड कारखान्यातून आलेलाच राहू दिला: चार शून्ये. तीन बोटी बदलल्या तरी अनिरुद्ध तो विसरणार नव्हता.

हे काम इतके झकास जमले की मावशींनी माणिकची जाहिरातच मांडली. अकरा नंबरच्या इमारतीत ज्यांची मुले परदेशी किंवा परगावी होती अशा चौदा घरांत त्याने पुढच्या वर्षभरात तसेच कॅमेरे तशाच रीतीने उघडून दिले. चौदाही ठिकाणी चार शून्ये.

इमारतीच्या आवारात भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत मावशींना जमिनीवर ठेवले होते. उशाशी पणती, कपाळावर कोणीतरी नुकतेच लावलेले कुंकवाऐवजीचे अबीर. माणिकने पायांशी वाकून नमस्कार केला. त्या रोज ज्या खुर्चीत बसत ती भिंतीला सरकवलेली होती आणि तिच्यावर आज कोणी बसले नव्हते.

अपूर्वाच्या हातात दोन फोन होते. एकावर अनिरुद्धचा साधा फोन चालू होता, जहाजाच्या सॅटेलाइट फोनवरून आलेला. दुसऱ्यावर व्हिडिओ कॉलचे चक्र फिरत होते.

"मोबाईलच्या नेटवरून नाही लागत?" माणिकने विचारले.

"खिडकीत एक काडी येते, तीपण जाते. सगळ्यांची वायरची नेटं झोपलीत, म्हणून सगळे मोबाईलवर आलेत. वाट लागलीय सगळीकडे. फोटो पाठवला होता सकाळी, तो गेला. त्याने उघडला नाही."

फोनमधून अनिरुद्धचा आवाज आला, प्रत्येक वाक्यानंतर समुद्राएवढे अंतर टाकून. "माणिक, फोटो नकोय मला. कॅप्टनने ब्रिजवरचं नेट दिलंय आजच्या दिवस. माझ्या बाजूने सगळं ओके आहे. अप्पू तिच्या तोंडात माझ्या नावाने पाणी घालणार आहे. तेव्हा मला दिसली पाहिजे. एवढंच कर."

घरातून नेण्यापूर्वी जवळच्या प्रत्येकाने तोंडात पाणी घालायचे असते. जहाज बंदराला लागायला नऊ दिवस होते. मावशींना बर्फावर ठेवून तोवर मुलाची वाट पाहायची, हा पर्याय कोणी काढलासुद्धा नव्हता. यजमानांच्या वेळी त्यांनीच बजावून ठेवले होते की माका थंडीत ठेव नकात.

माणिकने राउटर बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला. दिवे स्थिर झाले. अपूर्वाने कॉल लावला आणि तो लागला. पडद्यावर अनिरुद्धचा दाढी वाढलेला चेहरा आला. अपूर्वाने घाईने फोन वळवला. भिंत, पंखा, पणतीची ज्योत, पांढऱ्या कापडाखालची पावले... आणि चित्र तिथेच थिजले.

"पाय दिसले," अनिरुद्ध साध्या फोनवर म्हणाला. "पायच दिसले फक्त."

माणिकने पुन्हा तेच केले. या वेळी कॉल लागलाही नाही. सोमवारची आठ मिनिटे आज अर्ध्या मिनिटावर येऊन ठेपली होती.

साडेदहा झाले होते. त्याने जिन्याखाली जाऊन मालकाला फोन लावला. बत्तीस इमारतींच्या केबलचा मालक देवेश, वयाने माणिकहून लहान.

"अकरा नंबरमध्ये मयत आहे, देवेशभाई. अर्धा तास तरी लाइन सरळ करून द्या."

"माणक्या, मी कुठून सरळ करू यार? सगळीकडे तीच बोंब आहे. कंपनीचे इंजिनिअर चारला येणारेत. तू सांग ना, पुढूनच आहे म्हणून."

"चारला येऊन काय करू? साडेबाराला नेतायत."

"मग जहाजाचं नेट स्लो आहे म्हणून सांग. तेपण असूच शकतं. त्यांना काय कळणार?"

माणिकने फोन ठेवला. देवेश दुष्ट नव्हता. तो नेहमीचेच बोलला होता, आणि तसे बोलायला त्याला माणिकनेच शिकवले होते. जहाजाचे नाव पुढे केले असते तर खरोखर कोणाला काही कळले नसते. अनिरुद्धने नशिबाला दोष दिला असता, अपूर्वाने समुद्राला.

जिन्याखालची लोखंडी पेटी त्याने उघडली. इमारतीची मुख्य लाइन या पेटीत येई आणि इथून वायरी घराघरांत जात. प्रत्येक वायरीला त्याने खोलीचा नंबर नव्हे, तर माणसाचे नाव लिहिलेली चिकटपट्टी गुंडाळली होती. नंबर बदलतात, माणसे लक्षात राहतात, असा त्याचा हिशेब. प्रत्येक वायरीशेजारी एक हिरवा दिवा होता. एरवी ते दिवे वेगवेगळ्या चालीने, थांबून थांबून लुकलुकत. आज सगळे एकाच उन्मादात फडफडत होते.

सोसायटीचे सेक्रेटरी राजेश मागे येऊन उभे राहिले. "काय रे, मिळाला का फॉल्ट? पुढूनच असणार ना?"

"बघतो. सेक्रेटरी, मला सगळ्या इमारतीचं नेट काढावं लागेल. एकेक वायर काढून बघतो, कुठली काढल्यावर लाइन मोकळी होते. मावशींची तेवढी ठेवतो."

"सगळ्यांचं? अरे, तिसऱ्या मजल्यावर दोघं घरून काम करतात. नाहीतरी तडफडतायत, त्यात तू..." राजेशनी आवाराकडे पाहिले. "काढ. कोणी बोललं तर माझ्याकडे पाठव. धुरीकाकूंनी माझ्या मुलाचं नाव ठेवलंय."

माणिक एकेक वायर उपसू लागला. प्रत्येक वायर काढल्यावर तो मुख्य लाइनीचा दिवा पाही आणि खोलीकडे तोंड करून ओरडे, "बघ गं!" आतून अपूर्वाचा आवाज येई, "नाही." चौथ्या मजल्यापासून सुरू करून तो खाली येत होता. काही वायरी काढल्या की भार किंचित हलका होई, मुख्य दिवा क्षणभर श्वास घेतल्यासारखा थांबे. पण लगेच पुन्हा फडफडू लागे. कोणत्या वायरींपाशी तो थांबतो हे माणिकच्या ध्यानात येऊ लागले होते, पण त्याने ते मनात पुरते उमटू दिले नाही. धोंडिराम गुरव, ज्यांची मुलगी सई मस्कतला. सपना राऊत, जिचा मुलगा दोह्याला. तीच चौदा घरे.

सव्वाअकराला पेटीत एकच वायर उरली. तिच्यावरच्या चिकटपट्टीवर त्याच्याच अक्षरात लिहिले होते : मावशी. तिच्या शेजारचा हिरवा दिवा वेड लागल्यासारखा फडफडत होता.

"बघ गं," तो म्हणाला. आवाज चढला नाही.

"नाही लागत, दादा!"

माणिक पेटीसमोर उभा राहिला. ज्या घरात या घटकेला पणतीखेरीज काही जळत नव्हते, चूल नाही, टीव्ही नाही, त्या घरातून जगभर हजारो निरोप निघाले होते. त्याने डोळ्यांपुढे ती खोली आणली. राउटर. अपूर्वाचा फोन. आणि शोकेसवर मुठीएवढा एक डोळा, ज्याची वाट त्याने स्वतः उघडून दिली होती, आणि ज्याच्या दाराला चार शून्यांची कडी होती. जगातल्या कोणत्याही चोराने पहिल्यांदा तीच चार शून्ये चाचपून पाहिली असती. राउटर बंद-चालू केल्यावर काही क्षण आत कोणी नसे. मग उघड्या दारातून ते पुन्हा शिरे. म्हणून ती आठ मिनिटे.

दोष पुढचा नव्हता. तो इथलाच होता, आणि त्याच्या हातचा होता.

तो खोलीत गेला. बायका सरकल्या. शोकेसच्या मागे कॅमेऱ्याची वायर भिंतीतल्या प्लगपाशी गेली होती, आणि प्लगचे बटण दिसत नव्हते. त्याच्यावर वहीचा कागद आडवाउभा चिकटपट्टीने गच्च डकवला होता. निळ्या पेनाने, चौथीपर्यंतच्या ठसठशीत अक्षरात मावशींनी लिहिले होते :

'हात लावू नये. अनी बघतो.'

त्यामागची हकिकत त्याला ठाऊक होती. एकदा केर काढणाऱ्या बाईने चुकून बटण बंद केले, चित्र गेले, आणि अनिरुद्धने घाबरून जहाजावरून तीन शेजाऱ्यांना फोन केले. त्या दिवशी मावशी माणिकला म्हणाल्या होत्या, "ह्यो दिवो इजलो की तेचो जीव टांगणीक लागता. आता इजूचो नाय." पुढे हीच चिठ्ठी त्यांनी कॅमेरावाल्या प्रत्येक घरात स्वतःच्या हाताने डकवून दिली होती.

"अनि, ऐकतोयस?" माणिक फोनपाशी बसला. "फॉल्ट मिळाला. कॅमेऱ्यात आहे. व्हायरस त्यातून आत आलाय. ती वाट मीच उघडली होती, पासवर्डही बदलला नव्हता. चूक माझी आहे. कॅमेरा बंद केला की लाइन मोकळी होईल. पण तो बंद करावा लागेल."



"मी सांगितलं म्हणून उघडलीस तू," अनिरुद्ध म्हणाला.

"तू फिटर माणूस, तू सांगणारच. धोका काय ते मला कळायला हवं होतं."

अनिरुद्ध म्हणाला, "बंद नको करूस."

"अरे, पण अनि," अपूर्वा पुढे झाली.

"मला दिसतेय ती."

खोलीतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. अपूर्वाने जमिनीवरच्या आईकडे पाहिले. "काय दिसतंय तुला?"

"कालचं. सहा चाळीसचं. अडकलंय तिथेच. खुर्चीत बसलीय, कप उचललाय, अजून तोंडाला लावला नाही. कालपासून मी बंदच केलं नाही ते. तुझा फोन आला पहाटे, तेव्हापण समोर हेच होतं. तू सांगत होतीस आई गेली, आणि ही इथे कप घेऊन बसली होती."

"फोटो काढून ठेव ना रे त्याचा."

"काढलेत. चार काढलेत. ते फोटो आहेत गं, अप्पू. हे चालू आहे. कोपऱ्यात लाल ठिपका आहे, लाइव्ह लिहिलंय. बंद केलं की ते जाणार."

माणिकला मान वर करवेना. खरे पाहता सांगण्यासारखे त्याच्याजवळ होते : ते चित्र जिवंत नाही, गुदमरलेल्या लाइनीत अडकलेला एक तुकडा आहे, आणि तो ठिपका खोटा आहे. धंद्याच्या दृष्टीने हे निर्विवाद होते. पण ते उच्चारण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे त्याला समजत होते.

दारातून राजेश हलक्या आवाजात म्हणाले, "बारा वाजत आले. गाडीवाला थांबायचा नाही, त्याला पुढे चेंबूरला जायचंय."

अपूर्वाने फोन उचलून तोंडाजवळ धरला, भावंडे लहानपणी एका पांघरुणात कुजबुजतात तशी.

"अनि, ती चहा प्यायली."

"काय?"

"काल. तो कप. तुला अडकलेला दिसतोय ना, तो ती प्यायली. मी आठला आले तेव्हा कप विसळून ओट्यावर पालथा घातलेला होता. बशी वेगळी. नेहमीसारखा. मला म्हणाली, आज अनीचं दूध जास्त झालं चहात. तुझं नाव घेऊन दूध जास्त घालायची ती, माहितेय ना तुला?"

त्या बाजूने आलेला आवाज हसण्याचा होता की दुसरा, हे उपग्रहाने नीट पोचवले नाही.

"पुढे उठली असेल मग," अनिरुद्ध म्हणाला.

"उठली. मान हलवली असणार तिने. तू नाही बघितलीस, पण हलवली असणार."

समुद्राएवढे अंतर पुन्हा पडले. या वेळी ते लांबले.

"माणिक," शेवटी अनिरुद्ध म्हणाला, "कर बंद."

अपूर्वाच्या एका हातात पाण्याची वाटी होती, तीत तुळशीचे पान तरंगत होते. "तूच काढ, दादा. माझ्याच्याने नाही व्हायचं."

माणिकने नखाने चिकटपट्टीची कड सोडवली. ती वर्षभरात भिंतीशी एकजीव झाली होती. कागद फाटू नये म्हणून तो एकेक कोपरा सोडवत गेला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तरी त्याने घाई केली नाही. कागद अखंड निघाला. तो त्याने अपूर्वाकडे दिला. मग बटण बंद केले. शोकेसवरचा छोटा निळा दिवा विझला.

"गेली," फोनमधून अनिरुद्ध म्हणाला.

माणिकने राउटर बंद करून चालू केला, कॅमेऱ्यासाठी उघडलेली वाट आतून मिटवली, पासवर्ड बदलला आणि तो जिन्याखालच्या पेटीपाशी गेला. मावशींच्या वायरीचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला. ती जुनी, शहाणी चाल होती. मग तो भराभर पण एकसारखा चमकू लागला आणि माणिकने ओळखले की आतून मोठे काहीतरी वाहते आहे.

"लागला!" कोणीतरी म्हणाले.

तो आत गेला नाही. दिव्याची चाल बिघडलीच तर हात जवळ असावा म्हणून पेटीसमोरच उभा राहिला. आतून अनिरुद्धचा आवाज आता स्वच्छ येत होता, जणू तो स्वयंपाकघरातून बोलत असावा.

"जवळ ने, अप्पू. अजून. चष्मा काढलात का तिचा? ... असू दे. केस बाजूला कर जरा. हां."

मग तो आईशी मालवणीत काही बोलला. शब्द माणिकपर्यंत पोचले नाहीत, आणि त्याने ते ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही. दिवा एकसारखा चमकत होता.

"आता घाल. माझ्या नावाने घाल."

खोलीत बायकांचा हुंदका फुटला. दिवा चमकतच राहिला, सहा मिनिटे, आठ मिनिटे. आठव्या मिनिटाला माणिकचा हात आपोआप पेटीकडे गेला. पण नवव्या मिनिटालाही दिव्याची चाल बदलली नाही.

मावशींना बाहेर आणले तेव्हा जिन्याखालची वाट अरुंद असल्याने पेटीचे उघडे दार तिरडीला अडले असते. माणिकने ते अंगाशी ओढून घट्ट धरून ठेवले आणि भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला. त्या त्याच्यापासून वीतभर अंतरावरून गेल्या. मागून अपूर्वा फोन उंच धरून चालली होती. फाटकापर्यंत दिवा चमकत राहिला. मग हळूहळू मंदावला, कारण घरात आता कोणी उरले नव्हते.

राजेश जाता जाता थांबले. "येतोस ना? आणि वरच्यांना काय सांगू रे? पुढूनच होता ना प्रॉब्लेम?"

"नाही," माणिक म्हणाला. "इथूनच होता. माझ्याकडून झाला होता. चौदा घरांत तसाच आहे. तेवढी दारं लावतो, मग सगळ्यांच्या वायरी जोडतो. तुम्ही व्हा पुढे, मी मागून स्मशानात येतो."

राजेशनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. गाडी सुरू झाली तसे ते फाटकाकडे वळले.

पहिले घर दुसऱ्या मजल्यावरच्या धोंडिराम गुरवांचे. गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरता आले नव्हते. खिडकीतूनच त्यांनी हात जोडले होते आणि ते अजून जोडलेलेच होते. माणिकने काय करायचे आहे ते समजावून सांगितले, आणि हेही सांगितले की चूक त्याची आहे. म्हातारबुवांनी ऐकून घेतले. त्यांच्या कॅमेऱ्याच्या बटणावरही निळ्या पेनाने लिहिलेला तसाच कागद होता, फक्त नाव वेगळे : 'सई बघते.'

"बंद करशील तर ती घाबरेल की रे," ते म्हणाले. "अडकलेलं का होईना, चित्र तरी दिसतंय तिला. एकदम काळं झालं तर काय समजेल पोरगी?"

माणिक बटणापाशी वाकला होता. तो सरळ झाला, आणि त्याने खिशातून फोन काढून त्यांच्यासमोर धरला.

"आधी तिला सांगू या, बाबा. तिचं बघून झालं की मग काढतो. नंबर सांगा."